चक्कर आली की मानेला पट्टा?

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'चक्कर म्हणजे मानेतली गॅप. एक्स-रे काढा, पट्टा लावा, चक्करची गोळी चालू ठेवा. ऐकू नीट येतं तर कानाचा संबंधच नाही. कानात पाणी सोडून चक्कर आणतात, तो निव्वळ बिल वाढवायचा धंदा.'

पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. पट्टा तर उलट नडतो. बिघडलेला तोल मेंदू सावरतो तो डोकं हलत राहिलं तरच.

कानाचं विधान साफ चूक. आतल्या कानात ऐकण्याचा शंख वेगळा आणि तोलाच्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या वेगळ्या. या नळ्यांत कॅल्शियमचे बारीक कण सरकले की कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढताना घर गरगरतं. ऐकणं मात्र ठणठणीत. हे ओळखायला मशीन लागत नाही, दवाखान्यातली खाट पुरते. रुग्णाची मान 45 अंश वळवून त्याला झटकन मागे झोपवतात, डोकं कडेबाहेर किंचित खाली. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं हिसके देत फिरू लागतात, रुग्ण हाताला येईल ते घट्ट धरतो, आणि बहुधा मिनिटाच्या आत सगळं थांबतं. डिक्स-हॉलपाइक तपासणी म्हणतात ती हीच, 1952 पासूनची. कण जागेवर आणायचा उपायही त्याच खाटेवर, डोकं क्रमाने वळवून होतो. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

आता पाणी. चक्कर येते हे खरं, आणि ती यायलाच हवी! कानात सोडायचं पाणी शरीराच्या 37 अंशांपेक्षा सात जास्त म्हणजे 44, नाहीतर सात कमी म्हणजे 30 अंशांचं असतं. (मे महिन्यात परभणीची हवाच 44 गाठते, तेव्हा आकड्याला भिऊ नका.) तापमानाच्या फरकाने नळीतला द्रव हलतो, डोळे हिसके देतात, दोन्ही कानांचे हिसके मोजून ताडले की कुठला कान मंदावलाय ते कळतं. तोलाच्या इंद्रियावरच्या कामासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं, आणि ही तपासणी त्यांचीच. पडद्याला भोक असेल तर पाणी सोडत नाहीत. खाटेवरच निदान झालं तर बहुधा याची गरजही पडत नाही.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या चार दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं सावरणं लांबतं, आणि तपासणीत डोळ्यांचे हिसकेही दबतात. म्हणून तपासणीआधी कुठली गोळी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना विचारा.

मेसेजात एक गोष्ट मुळातच नाही. चक्करबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला किंवा उभंच राहवेना, तर मान-कान बाजूला ठेवून त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. तो लकव्याचा झटका असू शकतो.