पंचवीस वर्षांची जपानी व्हिस्की आणि एक फॉरवर्ड

सनटोरी या जपानी कंपनीच्या 25 वर्षं मुरवलेल्या व्हिस्कीच्या, म्हणजे यामाझाकी 25च्या बाटलीचा फोटो लावलेला एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकुराचा सारांश असा: व्हिस्की जितकी जुनी तितकी सरस, जपानचा शिक्का म्हणजे अस्सलपणाची हमी, एवढी किंमत चवीचीच असणार, अशा व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे पाप, आणि बाटली न फोडता ठेवली तर भाव चढतच जातो. पाचही दावे कच्चे आहेत, पहिला सगळ्यात जास्त.

जपानी व्हिस्कीने जगाला पहिला मोठा धक्का दिला 2001मध्ये. होक्काइदोतल्या योइची डिस्टिलरीची एक सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातली व्हिस्की ब्रिटिश मासिकाच्या चाचणीत भल्याभल्या स्कॉचच्या पुढे गेली. तिचं वय होतं 10 वर्षं. पुढे 2014मध्ये ब्रिटिश व्हिस्की समीक्षक जिम मरे यांनी जगात सर्वोत्तम ठरवलेल्या यामाझाकी शेरी कास्कच्या (शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीच्या) लेबलवर तर वयाचा आकडाच नव्हता. योइचीत आजही भट्टीत फावड्याने कोळसा घालून ऊर्ध्वपातनाची भांडी थेट आचेवर तापवतात. तिथला तो भरदार, किंचित करपट बाज आचेवर ठरतो, कॅलेंडरवर नाही.

लेबलवरचा आकडा एवढंच सांगतो की आतली सर्वात कोवळी व्हिस्की किती वर्षं पिंपात होती. एका मर्यादेनंतर पिंपाचं लाकूड नुसती चव देत नाही, हुकूमत गाजवायला लागतं. यामाझाकी 25 मी टोकियोतल्या एका बारमध्ये ‘हाफ’ मागवून चाखली. तिथे बऱ्याच बारांत महागडी व्हिस्की अशी 15 मिलिलिटरही मिळते. वास अप्रतिम: काळ्या मनुका, कोको, जुनं लाकडी कपाट. पण घोट घेतला आणि जीभ आकसली, हिरड्याचा तुकडा चघळावा तशी. शेजारच्या ग्लासातल्या 12 वर्षांच्या यामाझाकीत फळं जास्त मोकळी होती. 25ला नाक आहे, जीभ नाही, असं माझं मत. शेरीच्या पिंपांचे भक्त भांडतील, भांडोत बापडे.

शिवाय वर्षं सगळीकडे सारखी मोजता येत नाहीत. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात पॉल जॉन या डिस्टिलरीत सुमारे 8 टक्के. या हिशोबाने गोव्यात 25 वर्षांनी पिंपात जेमतेम आठवा भाग उरेल. म्हणून काय उकाड्यात लवकर मुरलेली गोव्याची सहा-सात वर्षांची व्हिस्की कच्ची म्हणायची?

आता शिक्का. परदेशातून पिंपांनी आणलेली व्हिस्की जपानमध्ये मिसळून, बाटलीत भरून जपानी म्हणून विकायला तिथल्या कायद्याची आडकाठी नव्हती. 2021मध्ये उत्पादक संघटनेने नियम केले: पाणी जपानचं, आंबवणं आणि ऊर्ध्वपातन जपानमध्ये, पिंपात किमान 3 वर्षं तीही जपानमध्येच. मार्च 2024अखेर ते पूर्ण लागू झाले. पण ही सभासदांची स्वयंशिस्त आहे, सरकारी कायदा नव्हे. योइची डिस्टिलरी जिची आहे त्या निक्का कंपनीची ‘निक्का फ्रॉम द बॅरल’ ही व्हिस्की या व्याख्येत बसत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. स्कॉटलंडमधली बेन नेव्हिस डिस्टिलरी निक्काकडे 1989पासून आहे. आणि तरीही ‘फ्रॉम द बॅरल’ची बाटली मी डोळे झाकून विकत घेईन.

किंमतीची गोष्ट मात्र खरंच रंजक आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये व्हिस्कीचा खप शिखरावर होता. मग तो वीसेक वर्षं घसरत राहिला. कंपन्यांनी उत्पादन आवळलं. कारुइझावा आणि हान्यू या डिस्टिलऱ्यांतलं उत्पादन 2000मध्ये थांबलं. मग 2008च्या सुमारास सनटोरीने हायबॉल, म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की, पुन्हा लोकप्रिय केला, पाठोपाठ परदेशी मागणी आली, आणि गोदामात बघतात तर जुना माल नाही! वीस वर्षांपूर्वी जी गाळलीच नाही, ती आज आणणार कुठून? 2015मध्ये निक्काने योइचीच्या वय लिहिलेल्या बाटल्या बंद केल्या, 2018मध्ये सनटोरीने हाकुशू 12 आणि हिबिकी 17चा पुरवठा थांबवला. एप्रिल 2024मध्ये यामाझाकी 25ची जपानमधली किंमत 1,60,000 येनवरून 3,60,000 येन झाली. आदल्या दिवशीच्या बाटलीत आणि त्या दिवशीच्या बाटलीत चवीचा काय फरक पडला असेल?

पाण्याचं पाप वगैरे तर जपानी माणसाला हसवणारं आहे. व्हिस्कीत दुपटीहून जास्त पाणी घालून जेवणाबरोबर पिणं, म्हणजे मिझुवारी, ही तिथली रोजची रीत. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळणारे जाणकारसुद्धा नमुने पाणी घालूनच हुंगतात, कारण अल्कोहोलचा झोत कमी झाला की वास सुटे होतात.

राहिली गुंतवणूक. यामाझाकी 55च्या 100 बाटल्या 2020मध्ये सोडत काढून प्रत्येकी 30 लाख येनना दिल्या गेल्या आणि त्यातली एक त्याच वर्षी हाँगकाँगच्या लिलावात सुमारे 62 लाख हाँगकाँग डॉलरला गेली, हे खरं आहे. पण ती सोडत लागलेल्यांची गोष्ट. बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नाही. बूच मात्र म्हातारं होतं. विमानतळावरून शुल्काविना 2 लिटर आणता येते, ती प्यायला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं 1949च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग बाटली यामाझाकीची असो की नवसागराची.