मामा, त्यांना झाडांत मोजायचे ना?

९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात, माझ्या भाचीने शाळेत भाषण केलं. आठवीत आहे. दाजींना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक मेसेज तिने वहीत उतरवून घेतला, दोन दिवस घोकला आणि हातवारे करत म्हणून दाखवला. दुसरा नंबर आला. बहिणीने व्हिडिओ पाठवला आणि पहिल्याच वाक्याला मी कपाळावर हात मारून घेतला.

मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: '१९६७ पर्यंत ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची नोंद वनस्पती आणि प्राणी कायद्याखाली व्हायची. मग चार्ल्स पर्किन्स नावाचा तरुण उठला. हा तिथला पहिला आदिवासी पदवीधर. मँचेस्टर युनायटेडचा करार लाथाडून मायदेशी आला, महाडच्या चवदार तळ्यापासून प्रेरणा घेऊन एकट्याने गोऱ्यांच्या तलावात उडी मारली आणि १९६७ साली आपल्या लोकांना नागरिकत्व व मत मिळवून दिलं.' इथवर आरती. पुढे कुणीतरी शेपूट जोडलंय: 'पण मोठ्या खुर्चीवर बसवल्यावर पैसे खाल्ले आणि हाकलला गेला. सवलतीने वर आलेल्यांचं असंच होतं.' भाचीने शेपूट वगळलं. दाजींनी मात्र शेपटासकट चार ग्रुपांवर पाठवलं.

आधी ते झाडं-प्राण्यांचं प्रकरण. असा कायदा नव्हता. केंद्राचा नव्हता, कुठल्या राज्याचाही नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीने २०१८ मध्ये याची रीतसर पडताळणी केली आणि ही दंतकथा असल्याचं सांगितलं. आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. ही दंतकथा दाजींच्या ग्रुपवर जन्मली नाही. लिंडा बर्नी या न्यू साउथ वेल्स या राज्याच्या विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या आदिवासी सदस्य. त्यांनीही २००३ मधल्या आपल्या पहिल्या भाषणात तसंच म्हटलं होतं. ज्यांना गुरासारखं वागवलं गेलं त्यांच्यात अशी आठवण तयार झाली, यात नवल नाही. ती वागणूक खरी होती. कायद्याचं नाव खोटं आहे.

मग कागदावर काय होतं? ऑस्ट्रेलियाच्या संविधानात कलम १२७ होतं. देशाची लोकसंख्या काढताना मूळ रहिवाशांना धरू नये, असं ते कलम सांगत होतं. आणि जनगणनेत त्यांची माहिती गोळा होत नव्हती असंही नाही. वंशाचा प्रश्न विचारला जायचा, ज्यांना 'पूर्ण रक्ताचे' म्हणत त्यांचा आकडा काढला जायचा आणि मग एकूण बेरजेतून तो वजा व्हायचा. झाडं समजून सोडून दिलं असतं तर एक वेळ अडाणीपणा म्हणता आला असता. इथे माणूस आहे हे ओळखून, मोजून, मग वजाबाकी.

कायदेही माणसांसाठीच केलेले होते. देशाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात १९१८ चा वटहुकूम होता. त्याने आदिवासी आणि मिश्र रक्ताच्या मुलांचा कायदेशीर पालक सरकारी अधिकारी ठरवला होता, आई जिवंत असली तरी. पर्किन्स १९३६ साली जन्मला तोच अशा मिश्र रक्ताच्या मुलांसाठी चालवलेल्या जागेत, अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या जुन्या तार कचेरीच्या आवारात. त्या जागेला 'बंगलो' म्हणत. शब्द आपल्याकडचाच, पण बंगल्यातलं काही तिथे नव्हतं. आई हेट्टी, अरेर्न्टे जमातीची. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला तिथून शेकडो मैल दूर अ‍ॅडलेडला, चर्चच्या मुलांच्या वसतिगृहात पाठवलं. हे कुठल्या जंगलखात्याने केलं नाही, शिकल्यासवरल्या माणसांनी सही-शिक्क्यानिशी केलं. 'झाडांत मोजायचे' म्हटलं की ऐकणारा च्‌ च्‌ करतो आणि त्या सह्या करणारे आपोआप सुटतात. माझा राग त्यासाठी आहे.

मत आणि नागरिकत्वाचंही तेच. नागरिकत्वाचा कायदा १९४९ पासून लागू झाला, त्यात आदिवासीही आले. केंद्राच्या निवडणुकीत मताचा हक्क १९६२ साली सर्वांना मिळाला. २७ मे १९६७ च्या सार्वमताने दोनच गोष्टी केल्या: कलम १२७ काढलं आणि केंद्राला आदिवासींसाठी कायदे करता येतील अशी दुरुस्ती केली. ९०.७७ टक्के लोक 'हो' म्हणाले. त्यामागे दहा वर्षांची मोहीम होती, फेथ बँडलर, जेसी स्ट्रीट अशा बायकांनी सह्या गोळा करून उभी केलेली. त्यांचं नाव मेसेजमध्ये नाही. एका माणसाला घोड्यावर बसवायचं तर बाकीचे पायी चालणारे दिसता कामा नयेत.

आता तलाव. यावर दाजी जास्तच हळवे, कारण महाडचं नाव आहे. मलाही आवडलं असतं. पण पर्किन्सने महाडबद्दल वाचल्याचा एक पुरावा दाखवा. त्याच्यासमोर उदाहरण होतं अमेरिकेतल्या १९६१ च्या वंशभेदाविरुद्धच्या बसफेरीचं, 'फ्रीडम राइड'चं, आणि नावही तेच घेतलं. एकटा तर तो मुळीच नव्हता. फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे तिसेक विद्यार्थी, बहुतेक सगळे गोरे, एका बसमध्ये बसून न्यू साउथ वेल्सच्या गावांत फिरले. वॉलगेटमध्ये माजी सैनिकांच्या क्लबसमोर उन्हात फलक धरून उभे राहिले, कारण देशासाठी लढलेल्या आदिवासी सैनिकालाच तिथे प्रवेश नव्हता. गावाबाहेर पडताना त्यांची बस रस्त्यावरून खाली घालवली गेली. मोरी नावाच्या गावी नगरपालिकेच्या जलतरण तलावावर आदिवासींना बंदी होती. पर्किन्स वस्तीतल्या पोरांना घेऊन तिकिटाच्या खिडकीशी गेला. बाहेर जमाव, अंडी, टोमॅटो, थुंकणं. बसमधल्या वार्ताहराच्या टेपवर तो गलका रेकॉर्ड झाला आणि 'आमच्याकडे असलं काही नाही' म्हणणाऱ्या शहरांना तो ऐकावा लागला.

महाड आणि मोरीची तुलना करायचीच असेल तर नीट करा. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ लाच केला होता आणि तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. मोरीच्या नगरपालिकेने १९५५ साली उलटा ठराव केला होता, बंदीचा, आणि तो रोज खिडकीवर पाळला जात होता. या फरकावर भाचीने भाषण केलं असतं तर मी स्वतः पेढे वाटले असते.

फुटबॉल: १९५७ साली इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने पर्किन्सला चाचणीसाठी बोलावलं होतं, हे खरं. पुढे तो बिशप ऑकलंड या हौशी संघाकडून खेळला आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांविरुद्धच्या सामन्यात आपणही विद्यापीठात जावं हे त्याच्या डोक्यात आलं. मायदेशी त्याला संघात घेतलं ते क्रोएशियन आणि ग्रीक स्थलांतरितांच्या क्लबांनी. 'पहिला पदवीधर' हे अर्धं बरोबर, पुरुषांत. मार्गरेट विल्यम्स या आदिवासी बाई १९५९ मध्येच मेलबर्न विद्यापीठाची पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या.

आणि शेपूट. 'खुर्चीवर बसवलं' म्हणे. पर्किन्स १९६९ साली केंद्राच्या आदिवासी व्यवहार कार्यालयात संशोधन अधिकारी म्हणून लागला आणि १९८४ मध्ये त्या खात्याचा सचिव झाला, केंद्राच्या खात्याचा प्रमुख झालेला पहिला आदिवासी. पंधरा वर्षं लागली. १९८८ मध्ये गैरकारभाराचे आरोप झाले, मंत्र्याशी फाटलं, त्याने राजीनामा दिला. चौकशीत त्याच्यावरचे आरोप टिकले नाहीत. हे वाक्य मेसेजमधून नेमकं गळलंय. पुढे १९९३ मध्ये आदिवासींनी त्याला आपल्या राष्ट्रीय आयोगावर निवडून दिलं आणि तो तिथे उपाध्यक्षही झाला.

सरळ अधिकारी होता का? छे. सरकारी नोकरीत राहून सरकारलाच जाहीरपणे वंशवादी म्हणायचा, कारवाई ओढवून घ्यायचा. असा हाताखालचा माणूस मला तरी सोसला नसता. १९६५ मध्ये त्याने सिडनी विमानतळावरून एक मूल पळवलं होतं, हेही खरं. ती फिजीची पाच वर्षांची मुलगी होती, मूळ भारतीय कुटुंबातली, आणि गोऱ्यांचाच देश ठेवायच्या धोरणापायी सरकार तिला हद्दपार करत होतं. तिचं विमान त्याने चुकवलं. सरकारने नंतर तिला पाठवलंच.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. वही आणून तिने 'वनस्पती आणि प्राणी' खोडलं, वर 'कलम १२७' लिहिलं. मग विचारलं, "मामा, वजा करायला आधी मोजायचे, तर मोजायला घरी कोण यायचं?"