भिंतीलगतचा शोषखड्डा: सोलापूरच्या काळ्या मातीत हा सल्ला घर बिघडवतो

उन्हाळा संपत आला की सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो, सोबत बर्फाळ देशातल्या घराचं चित्र. सल्ला असा: गच्चीच्या पाइपखाली भिंतीलगत तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि दगडगोटे भरा. त्यातून छिद्रांचा पाइप चार फूट खोल घराभोवती फिरवा. पाणी जिरेल, बोअर भरेल, ओल राहिल्याने काळी माती तडकणार नाही, आणि सोलापुरात पाऊस तो कितीसा!

पाणी वाचवण्याची तळमळ खरी आहे, म्हणून लोक हे मनावर घेतात. पण यातला जवळपास प्रत्येक मुद्दा आपल्या मातीत उलटा पडतो.

"पाऊस तो कितीसा"

वर्षाची बेरीज कमी आहे हे खरं. पण पाइप आणि खड्डा वर्षाच्या बेरजेवर चालत नाहीत, एका तासाच्या माऱ्यावर चालतात. आपल्याकडे जोर असतो तो सप्टेंबरात आणि परतीच्या पावसात. १४ ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यात झालेली अतिवृष्टी आठवा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर नुसता १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९३० लिटर पाणी होतं. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर साडेचार हजारांवर. तीन फुटी खड्ड्यात दगड भरल्यावर उरलेल्या पोकळीत मावतं जेमतेम ३०० लिटर. बाकीचं जोत्याशीच सांडणार.

"पाणी जिरेल"

जूनमध्ये जिरतं, आणि तिथेच फसगत होते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिल्या सरीचं पाणी त्यांतून गटागट खाली जातं, मालक समाधानाने पाहतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा हौदासारखा तुडुंब राहतो. फुगलेल्या काळ्या मातीत तासाला काही मिलिमीटरच पाणी मुरतं. तळ आणि चारही बाजू धरून खड्ड्यातून तासाला वीस लिटर गेलं तरी पुष्कळ. एकदा भरलेला खड्डा रिकामा व्हायला पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ ते पाणी पायाला टेकून उभं असतं.

"ओल राहिली की माती तडकत नाही"

सगळ्यात जास्त घात हे वाक्य करतं, कारण ते अर्धं खरं आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. घराखालची सगळी माती वर्षभर सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली तर घराला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो फरकाने. गच्चीचा पाइप एका कोपऱ्यात असतो. तो कोपरा भिजून वर उचलला जातो, समोरचा कोरडा कोपरा जागेवरच राहतो, आणि मधली भिंत तिरकी चिरते. ही चीर बहुतेक खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. पाइपच्या तोंडाखाली घमेल्याएवढा खळगा आणि वर भिंतीत अशी चीर, दोन्ही एकत्र दिसलं तर आधी पाणी हटवा, चिरेत लांबी (पुट्टी) भरायची घाई करू नका. चिरेवर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालूच आहे.

पूर्वी आपल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांना लाकडी किंवा पत्र्याची पन्हळ भिंतीपासून दोन-तीन फूट बाहेर काढत. धार जोत्यावर पडू नये एवढ्याचसाठी.

"छिद्रांचा पाइप, चार फूट खोल"

ही खोली बर्फाच्या देशातली आहे. तिथे जमीन वरून गोठते. अमेरिकेतल्या मिनेसोटात नियमाने पाया ४२ ते ६० इंच खाली न्यावा लागतो. सोलापुरात जमीन गोठत नाही, तेव्हा ती खोली आपल्या कामाची नाही. शिवाय छिद्रांचा पाइप तिथेही पायाजवळचं पाणी ओढून लांब नेण्यासाठी घालतात. गच्चीचं पाणी वेगळ्या, बिनछिद्राच्या पाइपने नेतात. गच्चीची धार छिद्रांच्या पाइपात सोडणं म्हणजे पायाला ठिबक लावणं.

मग करायचं काय

चार इंची पाइपला, ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला तर साधारण ८५ चौरस मीटर गच्ची झेपते. १०० धरला तर ४३ च. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. तेव्हा दोन पाइप हवेतच, तीन असले तर बरं. पाइपच्या गच्चीवरच्या तोंडाला सपाट नको, घुमटाची जाळी बसवा. सपाट जाळी कडुलिंबाच्या पाल्याने एका सरीत बुजते. कठड्यात गच्चीच्या लादीपासून दोन इंच वर एक मोकळं तोंड ठेवा, म्हणजे पाइप तुंबला तरी पाणी स्लॅबवर साठत नाही.

खाली काटकोनाचा एक बेंड नको, ४५ अंशांचे दोन लावा, आणि पुढे एक फुटी जाळीचं चेंबर. तिथून बिनछिद्राचा पाइप, दर दहा फुटांना सव्वा इंच उतार, पायापासून किमान दहा फूट लांब किंवा रस्त्याकडच्या पावसाळी गटारापर्यंत. सांडपाण्याच्या चेंबरला मात्र जोडू नका. जोराच्या पावसात मोरीतून घाण वर येते. चरात सहा इंच मुरूम ठोकून त्यावर पाइप टाका आणि सांधे रबर रिंगचे घ्या. चिकटवलेला सांधा माती हलली की सुटतो, आणि ती गळती वर्षानुवर्षे दिसत नाही.

घराभोवती पाच-सहा फुटांचा पट्टा बाहेर उतार देऊन फरशी किंवा काँक्रीटने झाका, भिंतीशी त्याचा सांधा डांबराने भरा. थरावर थर पडून रस्ता अंगणापेक्षा वर गेला असेल तर पाणी उताराने जाणारच नाही. तिथे टाकी आणि पंपाशिवाय इलाज नाही.

बोअर भरायचा असेल तर खड्डा घरापासून पंधरा फूट लांब घ्या आणि काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्या. खाली मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. पहिल्या पावसाचं धूळ-विष्ठेचं पाणी बाजूला सोडा. गच्चीचा पाइप थेट बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरमधल्या उभ्या नळीत, घालू नका, घाण सरळ भूजलात जाते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घराला आधी हजार-दोन हजार लिटरची टाकी जास्त कामाची.

जाळ्या आणि चेंबर मृगाआधी एकदा झाडा, आणि ऑगस्टअखेर, पूर्वा लागायच्या आत, पुन्हा एकदा.