सात टाक्यांचं 'खूळ' आणि थिनरचं फडकं

गेले दोन महिने भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशनवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. मला एकट्यालाच चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : 'पावडर कोटिंगआधीच्या सात टाक्या हे केमिकल विकणाऱ्यांनी काढलेलं नवं खूळ आहे. जॉब थिनरनं पुसा. उरलंसुरलं तेल कडक अ‍ॅसिडमध्ये निघतं. धुण्यात पाणी घालवू नका. टेप लावून बघा, कोट निघाला नाही तर काम पक्कं. वापरलेलं अ‍ॅसिड पावसात नाल्यात सोडा.' भोसरीत माझं कोटिंगचं लहान शेड आहे. पावडर कोटिंग म्हणजे धातूवर रंगाची कोरडी पावडर बसवून ती ओव्हनमध्ये पक्की करणं. त्याआधी जॉब, म्हणजे कोटिंगला आलेली वस्तू, टाक्यांतून काढतात : आधी तेल काढायची, मग गंज काढणाऱ्या अ‍ॅसिडची, मग फॉस्फेटचा थर देणारी, आणि मधेमधे धुण्याच्या पाण्याच्या. हा मेसेज वाचून कुणी टाक्या रिकाम्या करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

'नवं खूळ' हे आधी निकालात काढू. लोखंडावर फॉस्फेटचा थर देण्याचं कॉस्लेट या संशोधकाचं पेटंट ब्रिटनमधलं, १९०६ सालचं. पावडर कोटिंग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

आता थिनर. सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा कारखान्यातून येतो तोच गंजरोधक तेल लावून. त्यावर प्रेसचं तेल, ड्रिलचं कूलंट आणि हाताळणाऱ्यांचा घाम चढतो. थिनरच्या फडक्यानं पहिला जॉब बरा निघतो. दहाव्या जॉबला त्याच फडक्यात आधीच्या नऊंचं तेल असतं. थिनर उडून जातो आणि तेलाचा पातळ थर पत्र्यावर सारखा पसरलेला राहतो. पाइपच्या आत आणि वेल्डच्या फटीत तर फडकं पोचतच नाही. तिथलं तेल ओव्हनमध्ये १८०-२०० अंशांना बाहेर येतं आणि कोटवर खड्डे पाडतं. शिवाय बंद शेडमध्ये थिनरची वाफ आणि शेजारी तापलेला ओव्हन, यात पोरांच्या जिवाला धोका आहे, तो वेगळाच.

काही जण थिनरऐवजी नुसत्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जॉब बुडवतात. तेही अपुरं. कॉस्टिकनं साबण होतो तो वनस्पती किंवा प्राणिज तेलाचा. मशीनचं तेल खनिज, त्याचा साबण होत नाही. ते पत्र्यावरून सोडवायला सर्फेक्टंट (साबणासारखं तेल सोडवणारी रसायनं) लागतात आणि टाकी ६०-७० अंशांवर गरम लागते. डिग्रीझिंगच्या, म्हणजे तेल काढायच्या, पावडरमध्ये कॉस्टिकबरोबर हेच बाकीचं असतं. आणि अ‍ॅल्युमिनियमचा जॉब कडक कॉस्टिकमध्ये टाकू नका. हायड्रोजन सुटतो आणि धातूच खाल्ला जातो. त्याला सौम्य केमिकल वेगळं मिळतं.

'अ‍ॅसिडमध्ये तेलही निघतं' हा या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग. आमच्या घरी देवाची समई आजी आधी राखेनं घासायची आणि मग चिंच लावायची. तेलकट पितळेवर चिंच चढत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. राख अल्कली, चिंच आम्ल. आमच्या टाक्यांचा क्रमही तोच आहे. तेलाखालच्या गंजापर्यंत अ‍ॅसिड पोचत नाही, तेल नसलेल्या जागी मात्र चांगलं लोखंड खात बसतं. मग 'अजून गंज आहे' म्हणून जॉब आणखी वेळ बुडवला जातो. कडक हायड्रोक्लोरिकच्या वाफेनं शेडमधला तयार मालसुद्धा गंजतो, आणि ती वाफ माणसांच्या छातीत जाते. स्प्रिंगसारख्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं.

पाणी वाचवण्याबद्दल. दोन टाक्यांमधली पाण्याची धुणी वगळली तर डिग्रीझिंगची अल्कली अ‍ॅसिडमध्ये जाऊन त्याला मारते, आणि अ‍ॅसिड फॉस्फेटमध्ये जाऊन त्याचं गणित बिघडवतं. वाचलेल्या पाण्यापेक्षा फुकट गेलेलं केमिकल महाग पडतं. शेवटच्या धुण्याला तर जास्तच जपा. पवनेचं नळाचं पाणी त्या मानानं मऊ असतं. उन्हाळ्यात बोअर किंवा टँकर आला की जॉबवर क्षार वाळतात. कोटखालचा क्षार बाहेरची ओल ओढतो आणि पावसाळ्यात फोड येतात. शेवटची धुणी डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याची हवी.

टेपची परीक्षा मीही घेतो, पण पहिल्या दिवशी थिनरनं पुसलेला जॉबसुद्धा तीत पास होतो. फॉस्फेटचं खरं काम नंतरचं. कोटवर ओरखडा पडला की गंज तिथून आत सरकतो, त्याला ते अडवतं. म्हणून चाचणीत कोटवर मुद्दाम चरा मारून जॉब ३५ अंशांना पाच टक्के मिठाच्या फवाऱ्यात ठेवतात. मागे बाल्कनीचं एक रेलिंग माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं, दुसरीकडे केलेलं. नखानं उचललं तर कोट पापडासारखा सुटत होता आणि खाली सगळीकडे तांबडा गंज होता. एकच पावसाळा झाला होता.

सातच टाक्या हव्यात, असं मात्र मी म्हणत नाही. घरातल्या, कमी तेलाच्या आणि हलक्या गंजाच्या मालाला थ्री-इन-वन (तेल, गंज आणि फॉस्फेट ही तिन्ही कामं एकाच टाकीत करणारं केमिकल) चालून जातं, फक्त टाकीवर तरंगणारं तेल रोज काढा. फॉस्फेटऐवजी झिर्कोनियमचा थर देण्याच्या नव्या प्रक्रियेत तर टाक्या कमी होतात आणि फॉस्फेटचा गाळही राहत नाही. पण तिलाही आधी तेल निघालेलंच लागतं, उलट जास्त काटेकोरपणे.

नाल्याचा सल्ला वाचून मला राग आला. वापरलेलं अ‍ॅसिड आणि फॉस्फेटचा गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत घातक कचरा म्हणून नोंदलेले आहेत. आपल्याकडचे नाले पवनेला आणि इंद्रायणीला मिळतात. इंद्रायणीवरच आळंदी आहे, आणि आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरचं कुणीतरी वारीला तिथे जातं, त्या पाण्यात उतरतं.

आणि टेपच्या आधी करायची एक परीक्षा, जिला पैसा लागत नाही. डिग्रीझिंगनंतर जॉब धुऊन उभा धरा. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर तेल गेलं. थेंब तुटून मणी झाले तर तो जॉब पुढच्या टाकीत न्यायचा नाही, परत पहिल्या टाकीत टाकायचा.