55 ला पेन्शन की 58 ला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन शक्यतो वयाच्या 58 च्या आधी सुरू करू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, मी लोकांना उगाच घाबरवतो. 55 ला सुरू केली तर तीन वर्षांचे पैसे आधीच हातात पडतात आणि तोटा व्हायला ऐंशी उजाडते.

ऐंशीचा आकडा बरोबर आहे. 58 ला 3000 रुपये बसणार असतील, तर वर्षाला 4 टक्के कपात होऊन 55 ला साधारण 2640 बसतात. 36 महिन्यांचे 95,040 रुपये आधी मिळाले, पुढे महिन्याला 360 कमी. ते फिटायला 264 महिने, म्हणजे 58 नंतर 22 वर्षं.

पण हा हिशेब ज्याची नोकरी सुटलेलीच आहे त्याचा. तुम्हीच लिहिलंय की कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) पुढे केलीय, सक्ती नाही, आणि पेन्शनची सेवा 18 वर्षं झालीय. पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात आणि तुमचा त्याच्या वर आहे, म्हणजे पेन्शनच्या सूत्राप्रमाणे यापुढचं प्रत्येक वर्ष पेन्शनमध्ये 15,000 भागिले 70, साधारण 214 रुपये घालतं. तीन वर्षांत 3000 चे 3640 च्या आसपास होतात. आता तुलना 2640 शी करा: फरक हजाराचा, आणि आधी मिळालेले 95 हजार आठ वर्षांतच संपतात. ऐंशी नव्हे, सहासष्ट! शिवाय 20 वर्षं सेवा भरून 58 ला निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत 2 वर्षं जादा धरतात, ती यात धरलेलीच नाहीत. तुम्ही त्या वीसच्या उंबरठ्यावर आहात.

आणि समजा व्हीआरएस घेतलीच, तरी नोकरी सोडल्याची तारीख आणि पेन्शन सुरू होण्याची तारीख एकच असायला हवी असं कुठे आहे? चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच जणांचे फॉर्म मी पाहिलेत. 10-डी या पेन्शन सुरू करण्याच्या फॉर्ममध्ये कमी दराच्या (58 आधीच्या, कापलेल्या) पेन्शनसाठी तारीख विचारणारा एक रकाना असतो. एचआरमधला मुलगा सवयीने तिथे राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकतो, आणि नोकरी सोडणारे सही करून मोकळे होतात. त्याऐवजी 10-सी फॉर्म भरून स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घ्या आणि 58 ला 10-डी भरा. कपात शून्य. (58 नंतरही थांबलात तर 60 पर्यंत वर्षाला 4 टक्के वाढतात.)

तुमच्या गणितात न आलेली एक व्यक्ती म्हणजे तुमच्या पत्नी. पेन्शन सुरू झाल्यावर सभासद गेला तर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. कापलेल्या पेन्शनची निम्मी! या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे 55 ला ठरलेला आकडा त्यांच्या म्हातारपणापर्यंत तसाच राहतो. एकूण किती पैसे मिळाले हा हिशेब मला म्हणूनच पटत नाही. कमावणारं कोणी उरलं नाही की त्या महिन्यात किती येणार, हे बघायला हवं.

घरात मोठं आजारपण असेल, डोक्यावर सावकाराचं व्याज असेल, नोकरी गेली आणि दुसरी मिळतच नसेल, तर 50 नंतर कधीही पेन्शन घ्या, त्यात काही चूक नाही. पण तुमचे घराचे हप्ते फिटलेत, मुलगी कमावती आहे. व्हीआरएसचं काय करायचं ते घरी बसून ठरवा. 10-डी वर मात्र आत्ता सही करू नका.