‘नोंदणीकृत आहे ना, मग छापा’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

छंदसंघटनांच्या मासिकांत धर्मादाय संस्थांच्या जाहिराती येतात. त्यांच्याबद्दलचा एक मजकूर गेले काही दिवस सभासदांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: संस्था नोंदणीकृत असली की पुरे. जाहिरातीची जबाबदारी जाहिरातदाराची, तशी टीप अंकात असतेच. चौकशी करणं हौशी मंडळींना झेपणारं नाही. जाहिरात नाकारली तर उत्पन्न बुडेल आणि वर नोटीस येईल. शिवाय चांगल्या कामावर संशय घेणं आपल्याला शोभत नाही.

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांच्या एका मासिकाच्या जाहिराती मी बरीच वर्षं पाहते. हा मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही आणि त्यातल्या एक-दोन गोष्टी खऱ्याही आहेत. पण त्यातून निघणारा ‘म्हणून काही विचारू नका’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी नोंदणीचं बघू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. कोणीतरी अर्ज भरला, उद्देश लिहून दिले, विश्वस्तांची नावं दिली आणि त्या दिवशी कार्यालयाला कागद पुरेसे वाटले, इतकंच नोंदणीवरून कळतं. त्यानंतर आलेल्या पैशाचं काय झालं, हे तिच्यावरून कळत नाही. अमेरिकेत ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने मे २०१५ मध्ये सर्व ५० राज्यांना सोबत घेऊन कॅन्सर रुग्णांच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर खटला भरला. कॅन्सर फंड ऑफ अमेरिका ही त्यांतली एक. २००८ ते २०१२ या काळात या चौघींनी मिळून १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केले होते. आरोप असा होता की बहुतांश पैसा देणग्या गोळा करणाऱ्या कंपन्यांकडे गेला आणि उरलेल्यातून चालकांच्या नातलगांचे पगार, गाड्या, सहली आणि कॉलेजच्या फी भागल्या. या चारही संस्था नोंदणीकृत होत्या आणि त्यांना करसवलत होती. त्यांचे हिशेबही दाखल होते, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट या हिशेबांतच आहे. परदेशी पाठवलेल्या वस्तुरूप मदतीच्या नावाखाली त्यांनी २२ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम कागदावर दाखवली होती. त्यामुळे मदतीवरचा खर्च फुगलेला आणि प्रशासनाचा वाटा छोटा दिसायचा, आणि वरवर पाहणाऱ्याला संस्था मोठी आणि काटकसरी वाटायची. पुढे चारही संस्था गुंडाळल्या गेल्या.

यूएस नेव्ही व्हेटरन्स असोसिएशनचं उदाहरण याहून धक्कादायक आहे. माजी नौसैनिकांसाठी म्हणून या संस्थेने सुमारे १० कोटी डॉलर जमवले. तिलाही करसवलत होती. २०१० मध्ये फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहरांनी तिचे पदाधिकारी शोधायला घेतले तेव्हा ते सापडेचनात. पत्ते म्हणजे भाड्याच्या टपालपेट्या निघाल्या. प्रमुख म्हणवणारा बॉबी थॉम्पसन चोरलेल्या नावाने वावरत होता. त्याला २०१३ मध्ये ओहायोत २८ वर्षांची शिक्षा झाली. त्या वार्ताहरांनी सुरुवातीला काय केलं? यादीतली नावं घेतली आणि ती माणसं खरंच आहेत का, ते पाहिलं. हे काम करायला हिशेबतपासनीस लागत नाही.

नोंदणी पाहायचीच, पण ती पहिली पायरी म्हणून. जाहिरातीत छापलेलं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरशः एकच आहे का? नामांकित संस्थेच्या नावात एखादा शब्द इकडचा तिकडे करून नवं नाव तयार करणं ही जुनी युक्ती आहे. शेवटचा हिशेब कोणत्या वर्षाचा आहे? अमेरिकेत सलग तीन वर्षं वार्षिक विवरण दिलं नाही तर करसवलत आपोआप रद्द होते, आणि तरीही जुनं पत्र मिरवणारे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय आयोगाच्या नोंदवहीत संस्थेचं नाव टाकलं की हिशेब वेळेवर आले की उशिरा, ते कोणालाही दिसतं. भारतात विश्वस्त संस्था म्हणून झालेली नोंदणी आणि देणगीदाराला मिळणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकरातली सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत ‘नोंदणीकृत’ म्हटलं म्हणून दुसरी असेलच असं नाही.

आता त्या टिपेकडे वळते: ‘जाहिरातीतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ आमच्याही अंकात ती आहे, शेवटच्या पानावर, वर्गणीच्या दरांखाली, डोळे ताणून वाचावं लागेल इतक्या बारीक टायपात.

एका दिवंगत सभासदाच्या पत्नीने आम्हाला पत्र लिहिलं होतं. यजमानांचे चौदा आल्बम त्यांनी एका संस्थेला दिले होते. संस्थेची पाव पानाची जाहिरात आमच्या अंकात सलग तीन वेळा आली होती: भिंग हातात धरलेल्या मुलाचं चित्र आणि ‘तुमचा संग्रह एका मुलाचं जग उघडेल’ हे वाक्य. चार महिने झाले तरी त्या बाईंना धड पावती मिळाली नव्हती. एक छापील कार्ड आलं होतं, त्यावर ‘आपली भेट मिळाली, आभार’ एवढंच. किती आल्बम, त्यांत काय, कशाचाच उल्लेख नाही. मी जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केला. तो संस्थेचा नव्हताच, अनेक संस्थांसाठी सामान गोळा करणाऱ्या एका कंपनीचा होता. तिकडच्या माणसाने अगदी सरळपणे सांगितलं की तिकिटं वजनावर विकली जातात.

आपल्या छंदातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. वापरलेली सुटी तिकिटं किलोवर विकणं यात गैर काही नाही. कितीतरी प्रामाणिक संस्था तशा विक्रीतून पैसे उभे करतात आणि तसं स्पष्ट सांगतात. पण त्या आल्बममध्ये वर्षानुवर्षं जुळवलेले ब्लॉक (एकमेकांपासून न फाडलेल्या तिकिटांचे गट) होते, प्रथम दिवस आवरणं (तिकीट निघाल्या दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं) होती आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं होतं की हे कुठून मिळालं, कोणाशी अदलाबदल केली. ते काट्यावर गेलं. पत्राच्या शेवटी त्या बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या मासिकात होती म्हणून मी वेगळं काही विचारलं नाही.’ ती जाहिरात मीच मंजूर केली होती आणि मीही काही विचारलं नव्हतं.

त्यामुळे ‘सभासद सुज्ञ आहेत, त्यांचं ते बघतील’ असं कोणी म्हटलं की मला ते पत्र आठवतं. त्या बाई सुज्ञच होत्या. रस्त्यावरच्या फलकावर तीच जाहिरात दिसली असती तर त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली असती. आपल्या वतीने संघटनेने ती चौकशी आधीच केली आहे, असं त्यांनी धरलं. छंदाच्या मासिकात जाहिरात देण्यात जाहिरातदाराचा फायदा असतो तो हाच. वाचक मोजके असले तरी ते विश्वास ठेवणारे असतात, बरेच वयस्क असतात आणि त्यांच्या घरात देण्याजोगा संग्रह असतो.

वस्तू दान करण्याच्या व्यवहारात मधल्यामध्ये किती गळती होऊ शकते, याचा अंदाज गाड्यांच्या दानावरून येतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दान झालेल्या ५४ गाड्यांचा माग काढला. त्यांतल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, देणगीदाराने करासाठी जी किंमत दाखवली होती तिच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि ५०० डॉलरच्या वरच्या गाड्यांसाठी सवलत साधारणपणे प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेशी बांधली गेली. यातला प्रत्येक व्यवहार फसवणुकीचा नव्हता. वाहून नेणारा, लिलाव करणारा आणि जाहिरात देणारा असे सगळे आपापला वाटा काढून घेत होते. म्हणूनच वस्तू मागणाऱ्या जाहिरातदाराला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: वस्तू कोणाच्या हातात जाते आणि विकली तर किती पैसे तुमच्यापर्यंत येतात?

कायद्याच्या बाजूने तो मजकूर बराचसा बरोबर आहे, हे मान्य करते. साध्या जाहिरातीसाठी प्रकाशकाला सहसा जबाबदार धरलं जात नाही. पण शिफारस केली की गोष्ट बदलते. गुड हाउसकीपिंग या मासिकाची मोहोर पाहून बूट घेतलेली एक ग्राहक घसरून पडली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तिला मासिकावर दावा चालवायला परवानगी दिली, कारण मोहोर देणाऱ्याने वस्तू तपासल्याचा भरवसा दिलेला असतो. आता आपले अंक काढून पाहा. एका पानावर ‘सहमत असतीलच असे नाही’ आणि अध्यक्षांच्या मनोगतात त्याच जाहिरातदाराचे ‘आपल्या सहयोगी संस्थेचे मनःपूर्वक आभार’. वाचकाने यातलं काय खरं मानायचं?

‘झेपणारं नाही’ हा मुद्दा मला सर्वांत कमजोर वाटतो. फिलाडेल्फियातल्या फार्म जर्नल या शेतकऱ्यांच्या मासिकाचा संपादक विल्मर अ‍ॅटकिन्सन याने ऑक्टोबर १८८० च्या अंकात जाहीर केलं की आमच्या जाहिरातदारांची आम्ही चौकशी केली आहे आणि त्यांतला कोणी मुद्दाम लुबाडणारा निघाला तर वाचकाचं नुकसान आम्ही भरून देऊ. तेव्हा टेलिफोनसुद्धा नवा होता. आज नोंदवहीत नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, हिशेबाचं पान उघडायला आणखी दहा. उरलेला वेळ एका फोनला. आमच्याकडे नव्या धर्मादाय जाहिरातीमागे अर्धा-पाऊण तास जातो आणि अशा जाहिराती वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात. लेखातल्या एका तिकिटाचं छिद्रांकन (कडेच्या छिद्रांचं माप) चुकलं म्हणून आपण संपादकाला धारेवर धरतो, मग या अर्ध्या तासाला नाही कसं म्हणायचं?

उत्पन्नाचं म्हणाल तर नाकारलेल्या पाव पानाने मासिक बुडालेलं मी पाहिलं नाही. नोटिशीचं भय मात्र खरं आहे, फक्त ते चुकीच्या जागी दाखवलं जातं. धोका जाहिरात नाकारण्यात नसतो, पुरावा नसताना ‘अमुक संस्था फसवी आहे’ असं छापण्यात किंवा बोलत सुटण्यात असतो. दरपत्रकावर ‘जाहिरात कारण न देता नाकारण्याचा हक्क राखून’ ही ओळ असावी, सगळ्या धर्मादाय जाहिरातदारांना एकच प्रश्नावली जावी आणि नकाराचं पत्र दोन ओळींचं असावं: विचारलेली माहिती मिळाली नाही, त्यामुळे जाहिरात घेता येत नाही. कार्यकारिणीतल्या कोणाचा मित्र त्या संस्थेवर असला तरी प्रश्नावली तीच.

राहिला चांगल्या कामावरच्या संशयाचा मुद्दा. इथे मी स्वतःच्या बाजूच्या लोकांनाही थोडं थांबवते. काही जण म्हणतात, प्रशासनावर अमुक टक्क्यांहून जास्त खर्च दिसला की जाहिरात नाकारा. तसं करू नये. अशा टक्केवारीवरून संस्था जोखू नका, असं संस्थांची माहिती देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनीच २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं. हिशेब नीट ठेवायला माणूस लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. उलट कॅन्सरच्या नावाने चाललेल्या त्या चार संस्थांची टक्केवारी कागदावर छानच दिसत होती. नवीन, छोट्या संस्थेकडे तीन वर्षांचे हिशेब नसतील, म्हणून तिला दार बंद करणंही बरं नाही. तिला विश्वस्तांची नावं, बँकेतलं खातं कोणाच्या नावावर आहे ते आणि आतापर्यंत केलेल्या कामाचा एक तपासता येईल असा दाखला विचारावा. ‘आम्ही मुलांसाठी काम करतो’ म्हणजे कुठल्या शाळेत, तिथे कोणाशी बोलता येईल?

प्रश्न विचारल्यावर माणसं कशी वागतात, यावरूनही बरंच कळतं. त्या चौदा आल्बमनंतर आम्ही प्रश्नावली सुरू केली. त्या जुन्या जाहिरातदाराला ती पाठवली तेव्हा त्यांच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या एजन्सीकडून उत्तर आलं की आमचे ग्राहक अशी माहिती देत नाहीत. पुढच्या अंकापासून आम्ही जाहिरात थांबवली आणि त्या पानावर संग्रह दान करण्यापूर्वी काय विचारावं, ही चौकट छापली. त्या बाईंना मी भेटून माफी मागितली. आल्बम परत मिळाले नाहीत.

याच महिन्यात एका लहान वाचनालयाची जाहिरात आली आहे. त्यांना मुलांच्या मंडळासाठी दुबार तिकिटं आणि रिकामे आल्बम हवे आहेत. प्रश्नावली सकाळी पाठवली आणि संध्याकाळी उत्तर आलं: नोंदणीचा क्रमांक, मागच्या वर्षीचा हिशेब, चालवणाऱ्या शिक्षिकेचा फोन. सोबत त्यांनी न विचारता एक ओळ लिहिली होती: ‘मौल्यवान तिकिटं आम्हाला देऊ नका, ती सांभाळण्याची सोय आमच्याकडे नाही.’ ती ओळ जाहिरातीतच घालू का, असं मी विचारलं. शिक्षिका हो म्हणाल्या. जाहिरातीचं पान छपाईसाठी लागलं आहे.