बैठका, जोर आणि 'की': म्हापशाहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

म्हापशेकरबाब, (तुम्ही नाव लिहिलं नाहीत, नुसतं म्हापशाहून एवढंच, म्हणून असं म्हणतोय, राग मानू नका.) तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मी मागच्या लेखात नवीन मुलांना बैठका, जोर आणि जड बोक्केन (लाकडी तलवार) घेऊन सुबुरी (एकट्याने करायचे तलवारीचे वार) करायला सांगतो असं लिहिलं ते आयकिडोच्या, या जपानी युद्धकलेच्या, विरुद्ध आहे, आयकिडो 'की'वर, म्हणजे आतल्या प्राणशक्तीवर चालतं, स्नायूंवर नाही, आणि म्हातारपणी ओसेन्सेई (आयकिडोचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा) तरण्याताठ्या माणसांना फेकायचे ते काय जोर काढून? शिवाय तुम्ही पन्नाशीनंतर सुरुवात केलीत, मग तुमच्यासारख्यांनी घरी बसायचं का असंही विचारलंत. प्रश्न महत्त्वाचे आहेत म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ओसेन्सेईंचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक उतारवयातले. उएशिबांचा जन्म १८८३चा. १९१२ साली ते माणसं घेऊन होक्काइदोत शिराताकीला वस्ती करायला गेले, तिथे जंगल तोडणं, जमीन साफ करणं हे वर्षानुवर्षं केलं, १९१५ला ताकेदा सोकाकु भेटले आणि त्यांच्याकडे जुन्या जपानी युद्धकलेचं, दाइतो-र्‍यूचं कडक शिक्षण सुरू झालं, आणि पुढे १९४२पासून इवामा गावी शेती. म्हणजे ऐंशीच्या घरातला तो सैलपणा एवढ्या मोठ्या शरीरकष्टावर उभा आहे. १९३५ साली ओसाकात काढलेली फिल्म बघा, त्यातला माणूस किती वेगळा हलतो! आपण शेवटचं पान उघडून तेच नवशिक्याच्या हातात देतो आणि म्हणतो रिलॅक्स कर, हे मला अजिबात पटत नाही.

आणि हा वाद माझा-तुमचा नाही, त्यांच्या शिष्यांतलाच आहे. कोइची तोहेइ होम्बूचे (आयकिडोच्या टोकियोतल्या मुख्य केंद्राचे) मुख्य प्रशिक्षक होते, त्यांनी तेम्पू नाकामुरांकडून, म्हणजे हिमालयात योग शिकून आलो असं सांगणार्‍या गुरूंकडून, मन आणि शरीर एक करण्याचा विचार घेतला आणि चार सूत्रं मांडली: नाभीखालच्या एका बिंदूवर लक्ष, पूर्ण सैल होणं, वजन खालच्या बाजूला ठेवणं, की बाहेर वाहू देणं. १९७४ला ते होम्बू सोडून वेगळे झाले. उलट इवामाला सायतो मोरिहिरो घट्ट पकडूनच शिकवायचे, जोडीदाराने मनगट पूर्ण ताकदीने धरायचं, मगच तंत्र. शिओदा गोझो तर उंचीने लहान माणूस, त्यांनी योशिनकान या आपल्या शाखेत उभं राहणं आणि वळणं याच्याच कवायती घालून घेतल्या. तिघांचे गुरू एकच. यातल्या कोणालाही खोटं ठरवायची मला गरज वाटत नाही.

आता तुमचा तो न वाकणारा हात. तुम्ही लिहिलंत की ताठ केलेला हात वाकला आणि बोटांतून पाणी वाहतंय असं मनात आणल्यावर वाकला नाही, म्हणजे स्नायूंचा संबंध नाही. अहो संबंध आहे! मूठ आवळून ताकद लावतो तेव्हा दंडाचा पुढचा आणि मागचा दोन्ही स्नायू एकदम आवळले जातात, आणि पुढचा स्नायू हात वाकवायचंच काम करतो, म्हणजे आपण समोरच्याला मदत करत असतो. पाण्याची कल्पना केली की तो सुटतो, मागचा एकटा काम करतो, म्हणून हात टिकतो. ही कल्पना फार उपयोगी आहे, मी स्वतः क्लासमध्ये रोज वापरतो, कारण 'अमुक स्नायू सोड' म्हणून कोणालाच सोडता येत नाही. पण काम स्नायूच करतायत, फक्त नको ते गप्प बसलेत.

रापणीचं जाळं ओढणार्‍यांना बघितलंय ना किनार्‍यावर? दंडाने कोणीच ओढत नाही, टाचा वाळूत, कंबर मागे, खांदे सुटलेले, आणि सगळ्यांचा दम एका वेळी. बघताना वाटतं किती आरामात चाललंय. पण पाय आणि पाठ वर्षांची तयार आहे म्हणून तो आराम. आमच्याकडे येणारी मुलं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून येतात, खांदे कानाला लागलेले, सेइझात (गुडघे मोडून टाचांवर) बसवत नाही, शिक्को (गुडघ्यांवर चालणं) केलं की गुडघे बोलतात. पावसात मॅट ओलसर होऊन पाय सरकतो तेव्हा तर मांडीत जोर नसला की उकेमी (न लागता पडण्याचं तंत्र) म्हणजे नुसतं पडणं. शिहोनागेत (हात खांद्यामागे वळवून मागे पाडायच्या डावात) मान आवरली नाही तर डोकं मागे आपटतं, ही भीती मला शिकवणारा म्हणून कायम असते. त्यासाठी बैठका. समोरच्याला दंडाच्या जोरावर ओढायला मी कधीच सांगत नाही, उलट खांदा वर गेला की तंत्र थांबवतो.

दुसरी काळजीची गोष्ट, की-टेस्ट, म्हणजे 'की' आहे का ते तपासायच्या चाचण्या. उचलता न येणारा माणूस वगैरे. उचलणारा जरा लांब उभा राहिला किंवा खालच्याने कोपराचा कोन बदलला की वजन जड लागतं, तोच जवळ सरकला की उचलतो. टेस्ट वाईट नाही, सैलपणा कळायला चांगलीच आहे, पण जोडीदाराला जिंकायची मुभा हवी. उके (पडणारा जोडीदार) आधीच ठरवून पडत असेल तर 'की' आहे की नाही हे कोणालाच कळणार नाही, शिकणार्‍याला तर नाहीच, आणि अशी वर्षं वाया गेलेली माणसं बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमच्याबद्दल. घरी बसायचं काहीच कारण नाही. जोर जमत नसतील तर सोडा. हलका बोक्केन घ्या, सुबुरी सावकाश, वर उचलताना श्वास आत, खाली आणताना बाहेर, खांदा चढला की थांबा, संख्या मोजू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं एवढी बैठक पुरे, गुडघा दुखत असेल तर शिक्को नकोच. कोक्यू-होला (समोरासमोर बसून, हात धरून करायच्या सरावाला) जोडीदाराला सांगा, आधी अर्ध्या जोराने धर, मी हललो की थोडा वाढव, आणि अडलो तर सोडू नकोस, तसाच धरून ठेव. तोहेइंची चार सूत्रं तेव्हा वापरून बघा, घट्ट पकडीत. काय होतं ते लिहा, खांद्याचं काय झालं ते खास लिहा.